जुनीं पुस्तकें, जुने स्नेही : रॅव्हेलोचा विणकर

पावसाळ्याच्या दिवसांत रात्रीचीं जेवणें आटोपल्यावर एकानें वाचावें व बाकीच्यांनीं ऐकावें, हा आमच्या घरचा जुना परिपाठ आहे. यंदा सूनबाईंनीं आरंभींच बजावलें, "मामंजी, या खेपेस अशी गोष्ट काढा कीं जींत खून नाहीं, कोर्टकचेरी नाहीं, आणि शेवटीं सगळीं माणसें मरून जात नाहींत." मीं कपाटांतून जॉर्ज इलियटची 'सायलस मार्नर' काढली. इंग्रजी मूळ पुढ्यांत ठेवून मी मराठींत सांगत जाई. पंधरा-सोळा रात्री ही कथा आम्हांस पुरली. सूनबाईंच्या अटींपैकीं पहिल्या दोन मीं पाळल्या. तिसरीहि बहुतांशीं पाळली गेली.

ही कादंबरी १८६१ सालीं प्रसिद्ध झाली. जॉर्ज इलियट हें पुरुषी नांव धारण करणारी लेखिका म्हणजे मेरी ॲन इव्हान्स. तिचा जन्म १८१९ सालीं इंग्लंडच्या मध्यभागीं, वॉरविकशायर परगण्यांत झाला. वडील एका मोठ्या जमीनदारीचे कारभारी होते. त्यामुळें शेतकरी, सुतार, नालबंद, पाद्री हीं माणसें तिनें लहानपणापासून जवळून पाहिलेलीं होतीं. 'रोमोला' या मोठ्या ऐतिहासिक कादंबरीची तयारी चालू असतां ही लहान गोष्ट मध्येंच आडवी आली आणि तिनें मोठीला बाजूस सारलें. पाठीवर गांठोडें घेऊन जाणारा एक विणकर लहानपणीं पाहिला होता, त्याच्या आठवणींतून ही कथा सुचली, असें तिनें आपल्या प्रकाशकास कळविलें होतें. वर्डस्वर्थ कवि आतां हयात नाहीं, तेव्हां ही गोष्ट कोणाला आवडेल कीं काय, अशीहि शंका तिला होती.

सायलस मार्नर हा उत्तरेकडील एका उद्योगी शहरांत राहणारा तरुण विणकर. लँटर्न यार्ड नांवाच्या एका बोळांत एका छोट्या, कर्मठ पंथाची प्रार्थनेची जागा आहे; तें मंडळ हेंच त्याचें जग. त्याला मधून मधून असा झटका येतो कीं देह काष्ठवत् ताठ होतो, डोळे उघडे राहतात, पण शुद्ध नसते. एका रात्रीं तो आजारी वडीलधाऱ्या पुढाऱ्याच्या उशाशीं जागत बसला असतां तो गृहस्थ मरण पावतो आणि मंडळाच्या पैशांची थैली नाहींशी होते. थैलीच्या जागीं सायलसचा चाकू सांपडतो. रिकामी थैली त्याच्याच खोलींत, कपाटाच्या खणांमागें मिळते. ती शोधून काढणारा त्याचा जिवलग मित्र, विल्यम डेन. चाकू आपण शेवटीं केव्हां वापरला, हें सायलसला आठवतें : याच मित्राला पट्टा कापून देण्यासाठीं. मंडळी चौकशी करीत नाहींत. चिठ्ठ्या टाकून देवाचा कौल घेतात, आणि कौल सायलसच्या विरुद्ध पडतो. थोड्याच दिवसांत त्याची वाग्दत्त वधू त्याच मित्राशीं लग्न करते.

आमच्याकडे ग्रामण्याच्या गोष्टी वृद्धांच्या तोंडून ऐकलेल्या पुष्कळांना आठवत असतील. पंक्तींतून उठविलेल्या माणसाचें पाणी, विस्तव, सोयरीक सगळेंच एका दिवसांत बंद होई. सायलसच्या बाबतींत आणखी एक गोष्ट घडली. माणसांनीं टाकलें हें त्यानें सोसलें असतें. पण कौल देवाचा म्हणून सांगितला गेला, तेव्हां असत्य साक्ष देणारा देवच त्याला नको झाला. तो गांव सोडून निघाला तो दूरच्या रॅव्हेलो या खेड्यांत येऊन राहिला. तेथें दगडाच्या एका जुन्या खाणीजवळ त्याची झोपडी होती. पंधरा वर्षें तो माग हांकीत राहिला. मजुरीच्या सोन्याच्या मोहरा जमत गेल्या. जमिनीच्या विटांखालीं त्या पुरून ठेवाव्या आणि रात्रीं दार लावून बाहेर काढाव्या, मोजाव्या, त्यांच्यावरून हात फिरवावा, हेंच त्याचें कुटुंब झालें. वय चाळिशीच्या आंतच, पण लोक त्याला म्हातारा म्हणत.

या भागांत एका मातीच्या घटाची गोष्ट आहे. बारा वर्षें ज्या घटानें तो विहिरीचें पाणी आणी, तो एके दिवशीं फुटला. सायलसनें तुकडे गोळा केले, एकांत एक बसविले आणि तो निरुपयोगी घट पूर्वीच्याच जागीं उभा करून ठेवला. हें वाचतांना आमच्या घरांतून स्वयंपाकघराकडे एकदां पाहिलें गेलें. तेथें त्यांच्या माहेरची एक कल्हई उडालेली, चेपलेली चरवी अजून फळीवर आहे. कृपणाच्या हृदयाचा झरा अगदींच आटला नव्हता हें एवढ्यावरून कळतें.

आतां रॅव्हेलो. हें गांव मोठें मासलेवाईक आहे. बाहेरून आलेला विणकर, पाठीला गांठोडें, बाहेर आलेले मंददृष्टि डोळे आणि तो विचित्र झटका : गांवानें ठरवून टाकलें कीं याचा सैतानाशीं कांहीं तरी व्यवहार आहे. एका चांभाराच्या बायकोला अंगावर सूज व हृदयाचा विकार होता. सायलसची आई अशा दुखण्यावर फॉक्सग्लव्ह नांवाच्या वनस्पतीचा काढा देत असे. त्यानें तो करून दिला व बाईला आराम पडला. (ही वनस्पति खरोखरीच हृदयावर चालते. विदरिंग नांवाच्या इंग्रज डॉक्टरनें एका म्हातारीच्या औषधावरून तिचा शोध घेऊन १७८५ सालीं तीवर ग्रंथ लिहिला.) झालें! गांवचीं माणसें मंत्रतंत्र मागावयास रांग लावून आलीं. मला मंत्र येत नाहीं असें त्यानें खरें सांगितलें, म्हणून तीं उलट रागावलीं. लबाडी केली असती तर बिचारा गांवांत रुळला असता!

त्याचें सोनें चोरीस जातें तें जमीनदार कॅस याच्या उनाड मुलाकडून, डन्स्टनकडून. वाचकाला हें ठाऊक आहे, गांवाला नाहीं. पावसांत भिजलेला सायलस मदतीसाठीं धांवत गुत्त्यांत येतो, तेव्हां तेथें काय चाललें होतें हें लेखिकेनें एका संबंध प्रकरणांत सांगितलें आहे, आणि मला विचाराल तर सगळ्या पुस्तकाचा प्राण त्या प्रकरणांत आहे. खाटीक व नालबंद यांच्यांत एका गाईवरून वाद जुंपला आहे. गुत्त्याचा मालक दोघांनाहि सांगतो कीं तुमचेंहि खरें, त्यांचेंहि खरें. म्हातारा मॅसी हा शिंपीहि आहे व चर्चचा कारकूनहि. एका लग्नांत पाद्र्यानें वधूवरांना विचारावयाचे प्रश्न उलटे विचारले, तर तें लग्न लागलें कीं नाहीं, ही शंका त्यानें कित्येक वर्षें जिवापाड जपून ठेविली आहे आणि दर थंडींत तो ती नव्यानें सांगतो. पुढें भुताचा विषय निघतो. नालबंद म्हणतो, भूत नाहींच, पैज लावा. इतक्यांत दार उघडून पांढराफटक, मुका सायलस उभा राहतो, आणि सर्वांना वाटतें कीं भूत आलें! आमचा नातू येथें इतका हंसला कीं वाचन थांबवावें लागलें. गांवच्या पारावर, देवळाच्या ओसरीवर ज्यानें उमेदींतल्या संध्याकाळी घालविल्या आहेत, त्याला हीं माणसें इंग्रज आहेत हें चार पानांनंतर आठवावें लागत नाहीं.

मग सायलस बोलूं लागतो. समोर जेम रॉडनी नांवाचा, चोरून शिकार करणारा एक इसम बसलेला असतो. सायलस त्याच्याकडे बोट दाखवून ओरडतो कीं माझे पैसे यानेंच घेतले. जेम चिडतो. मॅसी दटावतो कीं पुराव्यावांचून निरपराध्यावर आळ घेऊं नकोस. निरपराधी हा शब्द कानीं पडतांच सायलसला लँटर्न यार्डची आठवण होते. तो जेमजवळ जातो, त्याच्या तोंडाकडे नीट पाहतो आणि म्हणतो कीं माझें चुकलें, तुझ्याविरुद्ध साक्ष कांहीं नाहीं. मग नालबंदाच्या विचारण्यावरून आंकडा सांगतो : दोनशें बहात्तर पौंड, बारा शिलिंग, सहा पेन्स. पंधरा वर्षांत प्रथमच त्यानें आपला कांहीं तरी हिशेब दुसऱ्या माणसापुढें मांडला. गांव त्याच्याकडे माणूस म्हणून पाहूं लागलें तें त्या रात्रीपासून. त्याच्या घरीं सोनें होतें तोंवर सर्वांना भीति होती. सोनें गेल्यावर सर्वांना दया आली.

या ठिकाणीं त्या रात्रीं मीं पुस्तक मिटलें. घरच्या मंडळींना वाटलें, डोळे दुखत असतील. कारण निराळें होतें, व तें घरींहि मीं आजवर पुरतें सांगितलेलें नाहीं. नोकरीच्या तिसऱ्या वर्षीं मी एका तालुक्याच्या गांवीं वर्गशिक्षक होतों. मुलांनीं सहलीसाठीं दिलेले पैसे एका पाकिटांत घालून मीं मेजाच्या खणांत ठेविले होते. ते दुसऱ्या दिवशीं सांपडेनात. मधल्या सुटींत वर्गांत एकच मुलगा होता. वडील नसलेला, मामाकडे राहणारा, अंगावर दुसऱ्याचा उतरलेला सदरा. मीं त्याला विचारलें. तो बोलला नाहीं. न बोलणें म्हणजे कबुली, असें माझ्या पंचविशीच्या शहाणपणानें ठरविलें. मीं त्याला मारलें नाहीं. फक्त सबंध वर्गासमोर उभें करून सांगितलें कीं पैसे परत ठेवशील तेव्हां बस. तो तास संपेपर्यंत उभा होता. सहामाही परीक्षेस तो आला नाहीं, आणि पुढें शाळेंतूनच नांव काढल्याचें कळलें. दोन वर्षांनीं मेजाचा खण अडकूं लागला म्हणून सुताराला बोलावलें. त्यानें खण ओढून बाहेर काढला, तों मागच्या फळीशीं तें पाकीट उभें होतें. पैसे पुरे होते.

मी त्याच्या मामाकडे गेलों. मामाची बदली झालेली. नव्या गांवीं पत्र घातलें, तें परत आलें. त्यानंतर या कादंबरीचें तें पान मीं पुष्कळदां वाचलें आहे. सायलसला जेमच्या तोंडाकडे पाहावयास अर्धा क्षण लागला. माझ्याजवळ संबंध तास होता.

असो. कथा पुढें चालवितों. गांवांतून सायलसकडे मंडळी येऊं लागतात. त्यांत डॉली विन्थ्रॉप ही गाड्या करणाऱ्या सुताराची बायको येते. मुलाला बरोबर घेऊन ती घरीं भाजलेल्या टिकिया आणते. (त्या चरबीच्या आहेत, हें मीं वाचतांना गाळलें, सौ.चें श्रवण सुरळीत चालावें हा हेतु.) टिकियांवर कांहीं अक्षरें टोंचलेलीं असतात. सासूच्या सांच्यावरचीं तीं अक्षरें डॉलीला वाचतां येत नाहींत. पण चर्चमध्यें तींच आहेत, म्हणजे चांगलीं असलीं पाहिजेत, एवढें ती जाणते. आमच्या आजीला संध्येचा एक मंत्र येत नव्हता, पण तांब्यापळी कशी मांडावी हें तिला कोणी शिकवावें लागलें नाहीं. डॉली तशांतली आहे.

नूतन वर्षाच्या आदल्या रात्रीं जमीनदाराच्या वाड्यांत नाच चाललेला असतो. थोरला मुलगा गॉडफ्रे हा मनानें वाईट नाहीं, पण भित्रा. त्यानें पूर्वीं मॉली नांवाच्या एका स्त्रीशीं गुप्तपणें लग्न केलेलें आहे. तिला अफूचें व्यसन. आणि आतां तो नॅन्सी लॅमेटर या कुलीन कन्येच्या मागें आहे. मॉली आपलें पोर घेऊन, नवऱ्याला उघडें पाडण्यासाठीं बर्फांतून चालत येते, वाटेंत अफू घेते, आणि झुडपापाशीं पडून मरते. दोन वर्षांची ती पोर उजेड पाहून रांगत, अडखळत सायलसच्या उघड्या दारांतून आंत शिरते आणि शेगडीपुढें झोंपी जाते. सायलस दाराशींच झटक्यांत ताठ उभा असतो. शुद्धीवर येतो तों विस्तवापुढें सोनेरी कांहीं तरी चमकतें आहे. आपलें सोनें परत आलें असें समजून तो हात लावतो, आणि बोटांना मऊ, उबदार केस लागतात.

पुढचें डॉलीच्या हातीं. अंघोळ कशी घालावी, लंगोट कसा बांधावा, हें ती सायलसला शिकविते. मुलीचें नांव एप्पी. सायलस तिला मागाला कापडी पट्ट्यानें बांधून ठेवी. एके दिवशीं तिनें कात्री पळवून पट्टा कापला व घर सोडलें. सांपडल्यावर डॉलीच्या सल्ल्यानें शिक्षा म्हणून सायलसनें तिला कोळशाच्या कोठींत क्षणभर बंद केलें. मग धुऊन पुसून, नवे कपडे घालून तो मागाकडे वळतो न वळतो तों कन्या आपण होऊन पुन्हां कोठींत जाऊन बसली! शिक्षाशास्त्राचा तेथेंच शेवट झाला. शिक्षक म्हणून तीस वर्षें मीं जें शिकलों, तें या बाईनें एका पानांत लिहून ठेविलें आहे.

सोळा वर्षें लोटतात. गॉडफ्रेनें नॅन्सीशीं लग्न केलें. पण एक मूल जाऊन पुन्हां अपत्य नाहीं. त्यानें एप्पीला दत्तक घ्यावें म्हणून नॅन्सीला कितीदां सुचविलें. तिनें ठाम नकार दिला : देवानें जें दिलें नाहीं, तें हट्टानें घेऊं नये. ती आपलीच मुलगी आहे, हें मात्र त्यानें सांगितलें नाहीं. या प्रकरणावरून आमच्या घरांत दोन रात्री वाचन बाजूस राहिलें. सौ. नॅन्सीच्या बाजूच्या. सूनबाईंचें म्हणणें असें कीं नॅन्सीचा नियम नॅन्सीपुरता ठीक, पण त्या पोरीनें तो कां पाळावा?

मला शास्त्राचा आधार विचारला गेला. मनूनें बारा प्रकारचे पुत्र सांगितले आहेत. त्यांत आईबापांनीं टाकलेलें व दुसऱ्यानें उचललेलें मूल 'अपविद्ध' या नांवानें येतें. पुढें कलियुगांत औरस व दत्तक एवढेच ग्राह्य धरले गेले, आणि दत्तकास तर देणारा हात लागतो. मुलीच्या दत्तकाबद्दलहि दोन मतें आहेत : नंदपंडितांनीं दत्तकमीमांसेंत तें मान्य केलें, आणि दशरथाची शांता, कुंतिभोजाची कुंती हे दाखले आहेतच, आमच्या बाजूस चालणाऱ्या व्यवहारमयूखानें मात्र तें मानलें नाहीं. १९५६ च्या कायद्यानें हा वाद मिटला. पण शकुंतलेचा बाप कोण, या प्रश्नास महाभारतानें दिलेलें उत्तर मला अधिक जवळचें वाटतें. जन्म देणारा, प्राण वांचविणारा आणि अन्न घालणारा असे तिघेहि तेथें बाप मानले आहेत. गॉडफ्रे यांतला पहिला. सायलस दुसरा आणि तिसरा. सौ. म्हणाल्या, "मग तिघांत वाटणी कशी करायची?" याचें उत्तर मला देतां आलें नाहीं.

एप्पीनें तें दिलें. दगडाच्या खाणीचें पाणी आटतें, तेव्हां तळाशीं डन्स्टनचा सांपळा व सायलसचें सोनें सांपडतें. तें पाहून गॉडफ्रेचा धीर सुटतो. तो नॅन्सीपुढें सगळें कबूल करतो. (नॅन्सी त्यावर जें उत्तर देते, तें प्रत्येक नवऱ्यानें वाचावें. तूं हें पूर्वींच सांगितलें असतेंस तर मीं तिला सांभाळलें असतें, असा त्याचा आशय.) दोघें झोपडींत जाऊन मुलगी मागतात. श्रीमंती, वाडा, कुलीन नांव. मुलगी उठून त्यांना नम्रपणें नमते व सांगते कीं माझा बाप हा आहे. गॉडफ्रेची चूक सुधारण्याची वेळ टळून गेलेली असते. त्याच्या हातीं उरतें तें एवढेंच कीं झोपडी वाढवून द्यावी, नॅन्सीनें लग्नाचा पोशाख द्यावा, आणि लग्नाच्या दिवशीं कांहीं निमित्त काढून परगांवीं जावें.

त्याआधीं सायलसला एकदां लँटर्न यार्ड पाहावयाचें असतें. तीस वर्षांपूर्वींचा निर्णय चुकला होता हें तेथें कोणाला कळलें का, खरा चोर सांपडला का, आणि तो कौल तसा कां पडला, हें त्याला विचारावयाचें आहे. एप्पीला घेऊन तो शहरांत जातो. बोळ नाहीं, प्रार्थनामंदिर नाहीं. तेथें एक मोठा कारखाना उभा आहे, आणि मधल्या सुटीचे कामकरी बाहेर पडताहेत. विचारावें असा कोणी उरलेला नाहीं. तो परत येऊन डॉलीला सांगतो कीं तें मला शेवटपर्यंत कळणार नाहीं. डॉलीजवळहि उत्तर नाहीं; आपल्याला न कळणारें पुष्कळ आहे, पण आपण विश्वास टाकूं नये, इतकें ती आपल्या बोबड्या तत्त्वज्ञानांत सांगते. नातवानें येथें विचारलें, "आजोबा, मग त्या विल्यम डेनला शिक्षा झालीच नाहीं?" नाहीं झाली. लेखिकेनें त्याचें पुढें नांवहि घेतलेलें नाहीं.

लेखिकेच्या स्वतःच्या आयुष्याबद्दल दोन शब्द लिहिल्यावांचून राहवत नाहीं, कारण वाळीत पडणें म्हणजे काय हें तिला ऐकून ठाऊक नव्हतें. जॉर्ज हेन्री लुइस या विद्वान, परंतु विवाहित व घटस्फोट मिळूं न शकलेल्या गृहस्थाबरोबर ती १८५४ पासून पत्नीप्रमाणें राहिली. आमच्या वाचकांपैकीं बहुतेकांना हें रुचणार नाहीं. मलाहि तें सहज गिळवत नाहीं. तिचा सख्खा भाऊ आयझॅक यानें तिच्याशीं पत्रव्यवहार बंद केला. लुइस १८७८ सालीं वारले. १८८० च्या मे महिन्यांत तिनें जॉन क्रॉस यांच्याशीं रीतसर लग्न केलें, तेव्हां कोठें भावाचें पत्र आलें, वीस वर्षांहून अधिक काळानें. त्याच वर्षाच्या डिसेंबरांत ती मरण पावली. वेस्टमिन्स्टर ॲबेमध्यें तिला जागा मिळाली नाहीं. हायगेटच्या दफनभूमींत तिला पुरलें. त्या ॲबेच्या कविकोपऱ्यांत तिच्या नांवाची शिळा बसली ती १९८० सालीं, मृत्यूला शंभर वर्षें होत आलीं तेव्हां. आपलें गांव तिनें १८६१ सालींच कागदावर वसवून ठेविलें होतें, आणि त्यांत टाकलेल्या माणसाकडे प्रथम जाणारी बाई लिहितां वाचतां न येणारी आहे.

हें पुस्तक इंग्रजी जाणणाऱ्या घरांतून अजून सहज मिळूं शकतें. पूर्वीं शाळाकॉलेजांतून तें नेमीत, म्हणून कित्येकांच्या माळ्यावर, समासांत शब्दार्थ लिहिलेलें, पडून असेल. पहिलीं दोन प्रकरणें संथ आहेत. मुलांना तेथें थोडा धीर द्यावा लागतो. गुत्त्याचें प्रकरण मात्र गाळूं नये. आमच्याकडे शेवटच्या रात्रीं लग्नाची मिरवणूक मॅसीच्या दारावरून गेली. तो म्हातारा खुर्चींत बसून सर्वांना सांगत होता कीं सायलस वाईट नाहीं आणि त्याचे पैसे त्याला परत मिळतील, हें मीं सर्वांच्या आधीं म्हटलें होतें. सौ. म्हणाल्या, "हे आपले धोंडोपंत." सगळे हंसले. मग सूनबाईंनीं कंदील कमी करीत हळूच विचारलें, "मामंजी, त्या रात्रीं पुस्तक कां मिटलें होतें?"

मीं त्यांना सांगितलें. आणि त्या म्हणाल्या म्हणून येथें लिहिलें. तो मुलगा आज पन्नाशीच्या पुढें असेल. त्याच्या घरीं हें मासिक येत असेल, तर पाकीट सांपडलें आहे.